उमादेवीचा श्वास

बसा.

खुर्चीवर, सतरंजीवर, पलंगाच्या कडेला. पाठीला जिथं बरं वाटेल तिथं.

सिकंदराबादला अजून उजाडायचं आहे. नोव्हेंबर आहे. खिडकी अर्धी उघडी आहे, आणि फरशीचा गारवा तळपायांतून वर चढतो आहे. मारेडपल्लीच्या या गल्लीत कडुनिंबाचं पानही हलत नाही.

दूर स्टेशनावर गाडीची घोषणा होते आहे. आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. कुठली गाडी, कुठला फलाट, काही कळत नाही. नुसता आवाजाचा चढउतार कानावर येतो.

तेवढाच येऊ द्या.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आणखी एक.

आता अंगाचा भार जाणवू द्या. मांड्या टेकल्या आहेत. टाचा टेकल्या आहेत. खांदे खाली आले आहेत. जमीन हा सगळा भार निमूट घेते आहे.

हा भार तुमचा आहे. या घडीला तो कुणी बघत नाही. कमी आहे की जास्त आहे, कुणी विचारत नाही.

थोडा वेळ असंच बसू.

मग एका बाईकडे जाऊ. तिचं नाव घेतलं की बहुतेकांना हसू फुटतं. म्हणून नाव मागे ठेवू. आधी तिचा आवाज ऐकू.

मोबाइल जवळ असेल तर एक गाणं शोधून ठेवा. चित्रपट 'दर्द', साल १९४७. गाणं 'अफसाना लिख रही हूं'. अजून लावू नका. बोट तसंच वर राहू द्या.

हे गाणं पहिल्यांदा लोकांच्या घरी आलं ते काळ्या तबकडीवर. लाखेची तबकडी. हाताला जड, आणि पडली की फुटणारी. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात.

तीन मिनिटं. तेवढ्यात सगळं म्हणायचं.

आता ती खोली डोळ्यांसमोर आणा, जिथं हे गाणं मुद्रित होतं आहे. मुंबई. वादक दाटीनं बसले आहेत. गाणारी आणि वाजवणारे एकाच खोलीत, एकाच वेळी. कुणाचा सूर जरा हलला तर पुन्हा पहिल्यापासून. नंतर जोडून घेण्याची सोय नाही.

नौशाद उभे आहेत. संगीत त्यांचं आहे. शब्द शकील बदायुनींचे. शकीलांचा हा पहिलाच चित्रपट.

आणि मायक्रोफोनसमोर विशीतली एक मुलगी. उमादेवी.

वाद्यं सुरू झाली आहेत. तिची जागा येते आहे. तिनं अजून तोंड उघडलेलं नाही.

ती श्वास घेते आहे.

इथं थांबा.

बाकी काही नको. फक्त हा एक श्वास बघा. गळ्याच्या खालचा खळगा किंचित आत जातो. छाती वर येते. ओठ सुटे होतात.

तुमचाही श्वास तिच्याबरोबर आत येऊ द्या.

धरून ठेवा. अगदी क्षणभर.

सोडा.

हा श्वास तिनं कुठून आणला आहे?

उत्तर प्रदेशात अमरोह्याजवळ एक खेडं आहे. तिथं ११ जुलै १९२३ ला ती जन्मली. दोन-तीन वर्षांची असताना आई-वडील गेले. एक मोठा भाऊ होता. हरी त्याचं नाव. एक दिवस तो मारला गेला. मग ती नातेवाइकांच्या घरी आली. दोन वेळच्या जेवणावर घरातली सगळी कामं करायची.

आई-वडिलांचे चेहरे आठवत नाहीत, असं ती म्हातारपणी सांगायची.

डोळे मिटा.

तुमच्या आईचा चेहरा समोर आणा. कपाळ. भुवया. हनुवटीखालची सैल त्वचा. नाकाच्या बाजूचा तीळ, असेल तर.

बघा त्याच्याकडे. घाई नाही.

आता तो चेहरा अलगद पुसट होऊ द्या.

जी जागा उरली, तिथं क्षणभर थांबा. एक लहान मुलगी त्या जागेसकट वाढली. भांडी घासताना ती जागा तिच्याजवळ होती. अंगण झाडताना होती. तिनं जे गाणं उचललं ते ऐकून ऐकून. समोर बसवून कुणी शिकवलं नाही.

एके दिवशी ती घर सोडून मुंबईला येते.

ती नौशादांच्या दाराशी जाते. असं सांगतात की ती म्हणाली, मला गाता येतं. ऐकून घेतलं नाहीत तर समुद्रात जीव देईन.

ही गोष्ट पुढे हसून सांगितली जाऊ लागली. मला मात्र त्या दारातली मुलगी दिसते. ओळख नाही, शिफारस नाही, मागे घर नाही. हातात काहीच नाही. एक गळा आहे, आणि तो ऐकायला कुणी हवं आहे.

दारापाशी थांबा तिच्याबरोबर.

आत हालचाल आहे. पावलं जवळ येतात.

नौशाद ऐकून घेतात.

गाणं लावा.

पहिल्यांदा नुसतं ऐकू. अर्थ शोधू नका. सुरुवातीची वाद्यं येऊ द्या, जाऊ द्या.

आवाज आला?

जरासा नाकातून येणारा, भरलेला, सरळ. आजच्या कानांना जुना वाटेल. वाटू द्या. थोडा वेळ त्याच्याजवळ बसलं की जुनेपणा बाजूला होतो, आणि एक माणूस उरतं.

शेवटपर्यंत ऐका.

संपल्यावर लगेच काही करू नका. मोबाइल खाली ठेवा. खोलीत गाणं अजून आहे. कान देऊन बसा, म्हणजे कळेल.

आता पुन्हा लावा.

या खेपेला शब्द सोडून द्या. सूरही सोडून द्या. दोन ओळींच्या मधल्या फटीत लक्ष ठेवा. तिथं ती श्वास घेते. कधी ऐकू येतो, कधी नुसता कळतो. ओळ संपते, पोकळी येते, आणि तिथून ती पुढची ओळ उचलते.

तिच्या फटीत तुम्हीही श्वास घ्या.

ओळ.

श्वास.

ओळ.

श्वास.

काही सांगायचं राहून जाऊ नये, म्हणून ती गाते आहे असं मला वाटतं. त्यात कसरत फार नाही. ती सूर लावते आणि लावलेला सूर सोडत नाही. बेचैन मनाची कहाणी लिहायला बसलेली एक बाई त्या गाण्यात आहे. आणि गाणाऱ्या मुलीला मन बेचैन होण्याची कारणं शिकवावी लागली नसतील.

पडद्यावर हे गाणं मुनव्वर सुलताना गाते. ओठ तिचे, डोळे तिचे, पदर तिचा. थिएटरातल्या अंधारात लोक त्या देखण्या चेहऱ्याकडे बघताहेत आणि उमादेवीला ऐकताहेत.

पॅराडाइज चौकातून तुम्ही नेहमी जात असाल. तिथं पॅराडाइज नावाचं थिएटर होतं. थिएटर गेलं, नाव चौकाला राहिलं. सिकंदराबादची अशी कितीतरी थिएटरं गेली.

त्यांतल्या कुठल्याही एकाच्या अंधारात मनानं जाऊन बसा. लाकडी खुर्ची. विडीचा वास. डोक्यावरून जाणारा प्रकाशाचा झोत, त्यात तरंगणारी धूळ.

साल १९४७ आहे. या शहरावर अजून निजामाची सत्ता आहे. इथून थेट नांदेड, बीड, औरंगाबादपर्यंत त्याचंच राज्य. भारतात यायला सप्टेंबर १९४८ उजाडायचा आहे. उत्तरेत माणसं घरं सोडून चालताहेत. आणि एका अनाथ मुलीचा आवाज घरोघरी पोचतो आहे.

तिचा चेहरा कुणालाच माहीत नाही.

या अंधारात थोडं थांबा. इथं ती कशी दिसते हे कुणी विचारलेलं नाही. आयुष्यात फार थोडा काळ तिला हे मिळालं. नुसता आवाज असणं.

पुढच्या वर्षी 'अनोखी अदा' येतो. त्यातही ती गाते. त्याच वर्षी मद्रासला जेमिनीचा 'चंद्रलेखा' तयार होतो, एस. एस. वासन यांचा, प्रचंड खर्चाचा. तिथंही उमादेवीची गाणी आहेत. कराराबाहेरची ही गाणी घेतली म्हणून मुंबईतला आधीचा करार बिघडतो. काम आटू लागतं.

मग १९४९.

'महल', 'बरसात', 'अंदाज', सगळे एकाच वर्षात. वीस वर्षांची लता मंगेशकर सगळ्यांच्या कानात जाऊन बसते. तो आवाज बारीक आहे, उंच जातो, कुठंही वळतो. संगीतकारांना तसंच काहीतरी हवं असतं. आपल्यालाही ते हवं होतं. त्याबद्दल कुणाला बोल लावावा असं काही नाही.

उमादेवीचं वय तेव्हा सव्वीस.

सव्विसाव्या वर्षी तिचा आवाज जुना झाला.

हे वाक्य मनात ठेवा. पुढं जाण्याची घाई नको. तुमचं सव्विसावं वर्ष आठवा, किंवा जे यायचं असेल ते समोर आणा. त्या वयात आपली सगळ्यात जवळची गोष्ट जुनी ठरणं. ज्याच्या बळावर दार ठोठावलं, तेच.

श्वास घ्या.

तो आत आहे. जुना झाल्यावरही तो आत येतोच.

घर आहे, लग्न झालं आहे, मुलं होताहेत. पैसे हवेत. ती पुन्हा नौशादांकडे जाते. नौशाद तिला ओळखतात. तिचं बोलणं, तिचं उसळून हसणं त्यांनी पाहिलेलं आहे. ते म्हणतात, अभिनय कर.

दिलीपकुमार असेल तर करीन, अशी तिची अट.

अशी अट घालायला धीर लागतो. गाणी गेलेली, अंग सुटलेलं, आणि अट दिलीपकुमारची. मला ती इथं फार आवडते. दारातली मुलगी अजून तशीच आहे.

'बाबुल'. १९५०. दिलीपकुमार आणि नर्गिस. आणि दुसरी नायिका कोण? मुनव्वर सुलताना.

सावकाश बघा हे.

तीन वर्षांपूर्वी हिच्या गळ्यातून निघालेलं गाणं जिच्या ओठांवर ठेवलं होतं, ती आणि ही आता एकाच चित्रपटात आहेत. एकीसाठी नायिकेचा साज. दुसरीसाठी हशा.

चित्रीकरणाची खोली आहे, दिवे गरम आहेत. तिकडं चेहरा रंगवला जातो आहे. इकडं ही उभी आहे, आपल्या सगळ्या देहासकट, पहिल्यांदाच उजेडात.

तिच्याशेजारी उभे राहा. काही बोलू नका.

दिव्यांची धग गालाला लागते आहे.

तिच्या मनात काय असेल, हे आपण ठरवायला नको. ती हसत असेल. ती खूप हसायची. आपण फक्त शेजारी असू.

इथंच तिला दुसरं नाव मिळतं. दिलीपकुमारनं दिलं म्हणतात.

आता ते नाव घ्या. मोठ्यानं नको. मनातल्या मनात.

टुनटुन.

हसू आलं?

येऊ द्या. दाबू नका. लाजूही नका. मलाही येतं.

फक्त ते कुठून येतं ते बघा. पोटातून? गालातून? घशाशी काही हलतं? हसताना श्वास बाहेर पडतो, तुकड्यातुकड्यांनी. मग आपसूक एक लांब श्वास आत येतो.

तो लांब श्वास आत आला की तिथं थांबा.

हसू ओसरतं आहे. खाली काय उरतं?

माझ्यापाशी एक चित्र उरतं. दारातून आत येणारी एक स्थूल बाई, अंगभर साडी, मोठे डोळे. ती अजून एक शब्दही बोललेली नाही, आणि थिएटर हसायला लागलं आहे.

ती काही करण्याच्या आधीच.

त्या हसण्यात बसून बघा. त्याच लाकडी खुर्च्या, तोच प्रकाशाचा झोत. मागे याच अंधारात लोक तिचा आवाज ऐकत होते आणि चेहरा कुणाला माहीत नव्हता. आता सगळा देह पडद्यावर आहे, आणि हशात तिचं पहिलं वाक्य बुडून जातं.

पुष्कळ पटकथांनी तिथंच समाधान मानलं. जाड बाई, तिच्यासमोर किडकिडीत माणूस, झाला विनोद. हा आळस होता असं मला ठामपणे वाटतं. लिहिणाऱ्यांचा आळस, आणि टाळ्या देणाऱ्या आपला.

पुढं तर तिचं नाव पडद्यावरून उतरून रस्त्यावर आलं. शाळेत आलं. गच्चीवर, लग्नघरात, बसच्या रांगेत आलं.

तुमच्या वर्गात एक मुलगी होती. तिला कुणीतरी या नावानं हाक मारली. सगळे हसले. तीही हसली.

तिचा चेहरा आठवतो का?

आठवला तर त्याच्याकडे बघा. ती हसते आहे, आणि ओढणी पोटावर ओढून घेते आहे.

कदाचित हाक तुम्ही मारली असेल. कदाचित ती मुलगी तुम्हीच असाल.

दोन्ही चालेल. इथं कुणाला बोलायचं नाही. नुसतं तिच्याजवळ बसायचं आहे.

पुन्हा आपल्या अंगाच्या भाराकडे या. मांड्या. टाचा. जमीन.

श्वास आत.

श्वास बाहेर.

बाहेर एक रिक्षा सुरू होते, थोडी खाकरते, निघून जाते.

आता एक दृश्य बघू. तिचं कुठलंही, पन्नास-साठच्या दशकातलं. पण आवाज बंद ठेवा.

तिचे डोळे बघा.

समोरचा बोलत असताना ती काय करते? डोळे आधी किंचित बारीक होतात. मग मोठे. भुवई एकीकडे उचलली जाते. मान त्या मागोमाग वळते. देह सगळ्यात शेवटी. एवढा देह, आणि तो कधी हलवायचा हे तिला नेमकं ठाऊक आहे.

बोलण्याआधी ती थांबते.

ती थांबण्याची जागा बघा. एक निमिष. ओठ सुटे होतात. गळ्याखालचा खळगा आत जातो.

ओळखलंत?

तोच श्वास आहे. मायक्रोफोनसमोरचा.

पुन्हा बघा, आवाज बंदच. ती थांबते. श्वास घेते. मग वाक्य सोडते. गाणाऱ्याला समेवर यावं लागतं, तशी ती हशावर येते. लवकर नाही, उशिरा नाही. लोकांना वाटतं की आपण तिच्या अंगाला हसलो. हसवलं त्या थांबण्यानं.

आता उलट करा. दृश्य पहिल्यापासून लावा, आवाज सुरू करा, आणि डोळे मिटून घ्या.

संवाद ऐका. पट्टी वर चढते, झोकात खाली येते, एखादं अक्षर ती लांबवते आणि तोडते. कुठंही धाप नाही. शब्दाचा शेवट खाल्लेला नाही. ऐकताना देह दिसत नाही. तरी हसू येतं.

हे हसू मघाच्या हसण्याहून वेगळं लागतं का?

शांतपणे चाखून बघा. उत्तर द्यायला हवं असं नाही.

तिच्या आधी बोलपटांत हसवणारे होते ते प्रामुख्यानं पुरुष. चार्ली, गोप, दीक्षित-घोरीची जोडी. फार मागे नको जायला: १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा बाईनं पडद्यावर दिसावं हेच धाडस होतं. तिथून चार दशकं गेली नाहीत, तर एक बाई सगळं थिएटर हसवते. आई-बाप नसलेली, न शिकलेली, परप्रांतातून आलेली. मुंबईनं तिला ठेवून घेतलं, आणि ती अखेरपर्यंत मुंबईचीच राहिली.

चित्रपट तिनं दोनशेच्या जवळपास केले. भगवानदादा, आगा, सुंदर, मुक्री, जॉनी वॉकर, आपले धुमाळ, केश्तो मुखर्जी, सगळ्यांबरोबर. यादी इथं सोडून देऊ. तिनं केलेलं सगळंच चांगलं नव्हतं, आणि तिला दिलेलं तर नव्हतंच.

गुरुदत्तकडे मात्र जाऊ.

गुरुदत्त तिला पुन्हा पुन्हा बोलावतो. 'आर पार', १९५४. 'मिस्टर अँड मिसेस ५५'. आणि मग 'प्यासा', १९५७.

'प्यासा'त ती पुष्पलता आहे. नायक विजय कवी आहे, आणि ही त्याची कॉलेजातली जुनी सोबतीण.

विजयला त्या चित्रपटात कुणी आपलं म्हणत नाही. भाऊ म्हणत नाहीत. प्रकाशक म्हणत नाही. त्याच्या कविता रद्दीत जातात. अशा माणसाच्या वाटेवर ही बाई येते, भडाभडा बोलते, जुन्या दिवसांत त्याला ओढते. आपण हसतो. चित्रपट इतका काळोखा आहे की तेवढ्या हसण्यानं छाती मोकळी होते.

तिथं तिला बघत राहा.

गुरुदत्तनं ती तिथं का ठेवली असेल? मला वाटतं, त्याला श्वासाची जागा हवी होती. दोन ओळींच्या मधली फट.

आणि ती जागा घेणं तिला कुणी शिकवायला नको होतं.

पुष्पलताचं बोलणं संपतं. विजय पुढं जातो. कॅमेरा त्याच्याबरोबर जातो.

आपण मात्र थोडं मागं राहू, तिच्यापाशी.

कुणी बघत नाही आता. दिवे विझले आहेत. ती पदरानं मान पुसते. खुर्ची ओढून बसते. अंगाचा सगळा भार खुर्चीला देते.

हे मी कुठं पाहिलेलं नाही. मनानं पाहते आहे. तुम्हीही पाहा. पडद्यावर तिला बसून विसावलेलं आपण क्वचितच पाहिलं असेल. आपण तिला सारखं धडपडताना, आदळताना, कुणाच्या तरी अंगावर पडताना पाहिलं.

बसू दे तिला.

तिच्याबरोबर बसा. तिचा भार. तुमचा भार. दोन्ही जमिनीवर.

श्वास आत.

श्वास बाहेर.

या शांततेत काही ऐकू आलं, तर ऐका. तुमच्याही आत एखादा आवाज असेल, जो कुणीतरी जुना ठरवला. गाणं असेल, चित्र असेल, शेतातलं एखादं कसब असेल, एखादी बोली असेल. मग तुम्ही दुसरं काही शिकलात. त्या दुसऱ्या नावानं लोक तुम्हाला ओळखू लागले.

पहिला आवाज कुठं गेला?

शोधू नका. ओढून काढू नका. नुसतं विचारा, आणि थांबा.

दोन ओळींच्या फटीत बघा.

२४ नोव्हेंबर २००३ ला मुंबईत ती गेली. ऐंशी वर्षांची होऊन. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत टुनटुन हे नाव मोठं होतं. त्या नावानं लाखो लोकांचा दिवस हलका केला होता, आणि ते मोठं असणं तिचा हक्कच होता. उमादेवी हे नाव त्याच्या आत आहे. आपण आज ते आधी घेतलं, एवढंच.

बाहेर उजाडलं आहे.

दूधवाल्याची सायकल फाटकाला टेकली. कुठंतरी कुकरची शिटी झाली. मोंढ्याकडे जाणाऱ्या भाजीच्या गाड्या निघाल्या असतील. कडुनिंबावर आता उन्हाची कड आहे, आणि पानं हलताहेत.

हाताची बोटं हलवा. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. डोळे मिटलेले असतील तर उघडा.

उठायच्या आधी आणखी एक करू.

'अनोखी अदा' शोधा. साल १९४८, संगीत पुन्हा नौशादांचं. त्यात 'काहे जिया डोले' म्हणून तिचं एक गाणं आहे. 'दर्द'मधलं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. याच्यापर्यंत फारसं कुणी येत नाही.

ते लावा. आवाज थोडा वाढवला तरी चालेल, घरातली मंडळी आता उठलीच असतील. कुणी विचारलं की कोण गातं आहे, तर आधी उमादेवी म्हणा. मग दुसरं नावही सांगा, आणि त्यांना सांगा की शेवटपर्यंत ऐका.